गाडीचं तोंड

माझ्या बाबांचं आणि माझ्या नवऱ्याचं इतक्या वर्षांत एकाच गोष्टीवरून वाजलं. जमिनीवरून नाही, मानपानावरून नाही, कुणाकडची मासळी ताजी यावरूनही नाही. अंगणात गाडी लावताना तिचं तोंड कुठे करायचं, घराकडे की वाटेकडे, यावरून. हसू नका. या भांडणात एकदा सोलकढीची वाटी भरलेली ताटात राहिली होती, आणि आमच्याकडचा माणूस सोलकढी टाकून उठतो तेव्हा प्रकरण साधं नसतं.

बाबांचं घर कुडाळच्या आतल्या बाजूला. थोडं भात, थोड्या काजी म्हणजे काजूची झाडं, चार आंब्याची कलमं आणि एक गाय. डांबरी रस्ता सोडला की घरापर्यंत पाणंद जाते. तिच्या एका अंगाला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या अंगाला व्हाळ, म्हणजे पावसात फुगणारा आणि एरवी दगडगोटे दाखवत पडून असणारा ओढा. पाणंद इतकी अरुंद की समोरून म्हैस आली तर दोघांतल्या एकाने समजूतदारपणा दाखवायचा, आणि म्हैस तो दाखवत नाही. मोठ्या काजीच्या झाडापाशी ती वळते आणि तिथून सरळ बाबांच्या खळ्यात येते. खळं म्हणजे घरापुढचं अंगण. तिथे गाडी उभी राहते, पण वळत नाही. इकडे विहीर, तिकडे गोठा आणि गवताची उडवी. त्यामुळे मार्ग दोनच. सरळ आत यायचं आणि जाताना अख्खी पाणंद उलटं उलटं रस्त्यापर्यंत जायचं, नाहीतर रस्त्यावरच गाडी फिरवून उलटं उलटं आत यायचं आणि जाताना भुर्रकन निघून जायचं.

मी दिले गेले देवबागला. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते, आमच्या घराच्या मागच्या दारी कर्लीची खाडी आणि पुढच्या दारी समुद्र, मध्ये जी काय वाळू उरली तिच्यावर आम्ही माणसं आणि माड. नवऱ्याचं घराणं होड्यांवरचं. आता मासेमारीपेक्षा तो पर्यटकांनाच जास्त फिरवतो, आणि घराच्या चार खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. रांधायचं माझ्याकडे, हसायचं त्याच्याकडे, अशी वाटणी आहे.

आई गेली आणि बाबा तिकडे एकटे उरले. तेव्हापासून माझा एकच ध्यास, बाबांना देवबागला आणायचं. आणि बाबांचा एकच ध्यास, यायचं नाही. ‘तुझ्या थंय झोपूचां कसां गो? तो दर्यो रात्रभर कोणाक आराडता?’ असं विचारायचे. कधी म्हणायचे, गायीक कोण बघतलो? कधी म्हणायचे, घराक कोण? मी म्हणायची, घर काय पळून जातंय? तर म्हणायचे, माणूस नसला की घर जाता. दर खेपेला मी जायची, हेच बोलणं व्हायचं आणि मी एकटीच परत यायची. मला सारखी भीती, हा माणूस एक दिवस खळ्यात पडेल आणि कुणाला कळणारसुद्धा नाही.

आता गाडीचं. आम्ही पहिली गाडी घेतली, जुनीच, पण आमच्यासाठी नवी. कौतुकाने बाबांना दाखवायला नेली. रस्त्यावर आल्यावर नवऱ्याने गाडी फिरवली आणि मान मागे वळवून पाणंदीतून उलटी आत न्यायला लागला. मला काही वाटलं नाही, त्याची ती सवयच. पण बाबा खळ्यात आरतीचं ताट घेऊन उभे होते. गाडीला ओवाळायचं होतं त्यांना, हौसेने कुंकू-अक्षता घेऊन, आणि समोरून येताना त्यांना दिसलं काय, तर गाडीचं बूड.

मी उतरले तर बाबांचा चेहरा बघण्यासारखा.

‘‘उलट्या पायान घरात कोण येता गो?’’ ते मला म्हणाले. जावयाला थेट बोलायची रीत नाही ना! ‘‘माणूस येता काय?’’

उलट्या पायांचं कोण असतं ते आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. भुताचे पाय उलटे. तेव्हा बाबांनी जावयाला पहिल्याच दिवशी, अक्षता हातात असताना, नाव न घेता भूत म्हणून घेतलं.

नवरा मात्र हसला. तो असल्या गोष्टींना हसतो, हाच त्याचा दोष. ‘‘मामांनू, होडयेचां तोंड कायम दर्याकडे ठेवचां लागता. दर्यो सांगान येणा नाय. कधी काय इलां तर ढकलली की सुटली पायजे.’’

‘‘हंय दर्यो खंय आसा?’’ बाबा. ‘‘हंय व्हाळ आसा. तो पण सुको.’’

शेवटी बाबांनी गाडीच्या मागच्या काचेलाच कुंकू लावलं. ओवाळताना मात्र पुटपुटलेच, ‘‘येवन टेकाक नाय तेवाच जावची तयारी.’’

नवऱ्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. देवबागला ओहोटीला होडी वर ओढली की माणसं दमलेली असली तरी तिचं तोंड समुद्राकडे फिरवूनच घरी जातात. ती शिस्तच आहे. त्याच्या आज्याने फिरवली, बापाने फिरवली, याने तर चालायला शिकल्यापासून फिरवली असेल. त्याच्या लेखी जे जे हलतं त्याचं तोंड बाहेर. सायकल, गाडी, पाहुण्यांच्या बॅगा. एकदा माझ्या चपला उंबऱ्याशी बाहेर तोंड करून ठेवलेल्या दिसल्या तेव्हा मी विचारलं, ‘‘माका घालवतास की काय?’’

बाबांचं म्हणणंही खोटं नव्हतं. आम्ही घरातून निघताना ‘जातंय’ म्हणत नाही, ‘येतंय’ म्हणतो. जायची भाषा तोंडातून काढायची नाही असा ज्यांचा नेम, त्यांच्या दारात तुम्ही पाहुणा म्हणून यायचं आणि आल्या आल्या गाडी पाठ करून उभी करायची, म्हणजे काय झालं? बोलला नाहीत इतकंच.

सोलकढीचं प्रकरण यातूनच झालं. एका चतुर्थीला जेवताना नवरा सहज बोलून गेला, की पाणंदीत उलटी गाडी नेणं धोक्याचं, येताना काय आणि जाताना काय, पण जाताना माणूस घाईत असतो म्हणून येतानाच नेलेली बरी. बाबांना त्यातला ‘घाई’ हा शब्द तेवढा ऐकू आला. ‘‘घाय? आमच्याकडसून जावची घाय?’’ आणि ताटावरून उठले. अगो बाय माझे! चतुर्थीचं जेवण, गोडाचं ताट, आणि हे दोन पुरुष गाडीच्या बुडावरून रुसलेले. मी दोघांनाही सुनावलं. बाबांना म्हटलं, तुमच्या जावयाच्या मनात तुमच्याबद्दल काही वाकडं नाही, त्याचं डोकंच होडीचं आहे. नवऱ्याला म्हटलं, एक दिवस सरळ लावलीत तर दर्या काय कुडाळला येणार आहे? दोघेही गप्प बसले. गप्प बसणारे पुरुष सगळ्यांत हट्टी असतात, हे मला तेव्हाच कळलं.

तसं बघायला गेलं तर गाडी लावण्यावरून माणूस कळतो, हे मी आमच्या पाहुण्यांकडे बघून शिकले. काही जण येतात, धाडकन माडाखाली गाडी घुसवतात आणि आधी मासळी काय आहे ते विचारतात. ही माणसं खाऊन-पिऊन सुखी असतात. काही जण पाऊण गाडी आत, पाव बाहेर अशी पुढे-मागे करत राहतात, बायको बाहेर उभी राहून हात हलवते, गाडीतलं यंत्र टींटीं करतं, आणि शेवटी ती वाळूत रुततेच. मग नवरा फळी घेऊन जातो. माडाखाली लावू नका म्हणून मी ओरडून सांगते. नारळाक डोळे असतत, तो माणसाच्या डोक्यात पडत नाही, हे आमच्याकडे सगळे मानतात. पण गाडीबद्दल नारळाने कुणालाही काही कबूल केलेलं नाही. एकांच्या टपावर पडला तेव्हा ते म्हणाले, तुम्ही सांगायला हवं होतं. मी सांगितलं होतं. तोंडाला फेस येईपर्यंत सांगितलं होतं.

मग मी स्वतः गाडी शिकले. नवरा सीझनला समुद्रावर, आणि मला बाबांकडे जायचं तर एसटीच्या दोन गाड्या बदला. म्हटलं, मरू दे, शिकते. नवऱ्यानेच शिकवली, देवबागच्या त्या एका रस्त्यावर. पुढे जायला मी पटकन शिकले. मागे जायला काही केल्या जमेना. ‘‘आरशात बघ,’’ तो म्हणायचा. आरशात बघितलं की मला डावं-उजवं उलटं व्हायचं. ‘‘शिरा पडो त्या आरशाच्या तोंडार!’’ मी म्हणायची. शेवटी त्यानेही नाद सोडला. ‘‘फुडे जा,’’ म्हणाला. ‘‘मागचां मागे बघू.’’

त्यामुळे बाबांकडे मी पहिल्यांदा एकटी गेले ती सरळच गेले, पाणंदीतून नाकासमोर, थेट खळ्यात. बाबांना काय आनंद! शेजारच्या काकीला हाक मारून दाखवलं. ‘‘बघा, माझां चेडू सरळ येता. कोणाचां आसा!’’ उलटं येता येत नाही म्हणून सरळ आले, हे सांगून कशाला त्यांचा विरस करा?

पण यायचं सोपं, निघायचं कठीण. संध्याकाळी मी गाडीत बसले आणि बाबा खळ्याच्या तोंडाशी उभे राहून मला वाट दाखवू लागले. ‘‘फुडे घे!’’ मी पुढे घेतली. ‘‘फुडे गो, फुडे!’’ मी आणखी पुढे घेतली, चाक वळलेलं होतं, आणि गाडी गवताच्या उडवीत नाक खुपसून बंद पडली. वरून दोन पेंढ्या काचेवर. गोठ्यात गाय हंबरायला लागली, तिला वाटलं हिने माझं गवत खाल्लं.

‘‘फुडे म्हटलंय मी!’’ बाबा धावत आले. ‘‘तू मागे खंय चललंस?’’

‘‘फुडेच इलंय मा!’’

‘‘ह्यां फुडे? ह्यां मागे! फुडे थंय!’’ आणि त्यांनी पाणंदीकडे बोट केलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबांच्या लेखी गाडीला पुढे-मागे असं काही नव्हतंच. पुढे-मागे फक्त घराला. घराचं पुढलं दार ज्या बाजूला ती बाजू पुढे, आणि मागलं दार ज्या बाजूला ती मागे. बैल असो, गाडी असो, मुलगी असो, घराच्या हिशोबाने फिरायचं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटले, बाबांनाही हसू आलं, आणि काकी तोंडाला पदर लावून गडग्यापलीकडून बघत होती. त्या दिवशी गाडी काकीच्या मुलाने बाहेर काढून दिली.

मग मात्र मी हट्टाला पेटले. बापाच्या घरातून निघायला दुसऱ्याचा मुलगा लागतो म्हणजे काय? मागे जायला शिकले. मान वळवून, आरसा सोडून, एक डोळा व्हाळावर आणि एक डोळा पुढच्या काचेतून बाबांवर. पावसाळ्यात गडग्याचे चिरे निसटायचे, चिखलात चाक फिरायचं. एकदा मागचं चाक व्हाळाच्या काठावरून अर्धं खाली गेलं. कशीबशी वर आले, गाडी तिथेच टाकून तरातरा चालत परत खळ्यात गेले आणि बाबांवर तोंड सोडलं.

‘‘बस झालां तुमचां! पुढच्या खेपेक मी उलटीच आत येतलंय. भूत म्हणा नाय तर देवचार म्हणा. एक दिवस व्हाळात जातलंय आणि मगे रडत बसतलास! कित्याक इतको हट्ट? काय मिळता तुमका सरळ गाडी बघून?’’

बाबा माटवाचा, म्हणजे दारापुढच्या मांडवाचा, खांब धरून उभे होते. मला वाटलं, उलट्या पायांचंच काहीतरी सांगतील. पण ते हळू म्हणाले, ‘‘तोंड दिसता.’’

‘‘कोणाचां?’’

‘‘तुझां. गाडी सरळ गेली की माका तिचां बूड दिसता आणि ते लाल दिवे. बुडाक काय बघू? मागे मागे गेली की तू माझ्याकडे बघीत जातंस. काजीच्या वळणापर्यंत दिसतंस.’’ मग म्हणाले, ‘‘तुझ्या लग्नाक ती गाडी फुलां लावन, तोंड भायर करून ठेवलेली. तू बसलंस आणि गेली. तू रडत होतंस काय हसत होतंस, तां पण माका कळाक नाय.’’

इतकी वर्षं भूत, पाय, होडी, दर्या, सगळं ऐकलं, आणि आत होतं हे. माझा राग कुठच्या कुठे गेला. मी म्हटलं, ‘‘रडत होतंय.’’ खरं सांगायचं तर लग्नात मी निम्मा वेळ रडत होते आणि निम्मा वेळ नथ नाकाला टोचत होती म्हणून वैतागले होते. पण मला रडू आलं ते त्या दिवशी, खळ्यात, चिखलाच्या पायांनी.

घरी येऊन हे मी नवऱ्याला सांगितलं. तो जाळं विणत बसला होता, मान वर न करता ऐकलं, ‘‘हां’’ म्हणाला. पण पुढच्या खेपेला आम्ही दोघं गेलो तर पाणंदीच्या तोंडाशी त्याने गाडी फिरवली नाही. सरळ आत घातली, नाक घराच्या पायरीला लागेल इतकी. बाबा बघतच राहिले. जेवण झालं, निघायची वेळ झाली, आणि या माणसाने अख्खी पाणंद गाडी मागे मागे नेली, इतकी हळू की बरोबर चालणारी कोंबडी पुढे गेली. मी समोर बघत होते. बाबा हात वर करून उभे होते, आणि खरंच, वळणापर्यंत दिसत राहिले. दुसऱ्या दिवशी नवऱ्याची मान आखडली. तेल चोळताना मी म्हटलं, ‘‘होडयेचां तोंड दर्याकडे, काय झालां त्याचां?’’ तर म्हणतो, ‘‘थंय दर्यो खंय आसा?’’

मला माझा नवरा तसा नेहमीच आवडतो, पण त्या दिवशी जरा जास्तच आवडला. त्याला सांगितलं नाही. शेफारतात.

असं बरंच चाललं. मी दर खेपेला विचारायची, बाबा, येतास? ते म्हणायचे, बघू पावसानंतर, बघू काजू झाल्यावर, बघू गाय व्याल्यावर. गाय व्याली, काजू झाले, पाऊसही होऊन गेला. बाबा मात्र वाळत चालले होते. ताटात भात उरायला लागला. काकी मला हळूच सांगायची, दोन दिवस चूल पेटली नाही, पेज मीच देते. मी बोलले की बाबा चिडायचे. त्यांचा स्वभाव माझ्यात आलाय असं सगळे म्हणतात, तर असेल.

मग ती दुपार आली. मी एकटीच गेले होते, मोरीची, म्हणजे मुशी माशाची, आमटी घेऊन. जेवले बरे, हसले-बोलले. मी निघाले. गाडी मागे मागे नेत होते, एक डोळा मागे, एक डोळा त्यांच्यावर. वळणाच्या जरा अलीकडे बाबांनी नेहमीसारखा हात वर केला. तो हात खाली येताना खांबाकडे गेला आणि खांब त्याला सापडलाच नाही. बाबा खाली बसले. आधी मला वाटलं, बसले. मग ते आडवे झाले.

मी ब्रेक मारला. पुढे घातली गाडी, पाणंदीतून अशी कधी चालवली नव्हती आणि पुन्हा चालवणार नाही. खळ्यात दरवाजा उघडा टाकून धावले. बाबांचे डोळे उघडे होते, कपाळाला घाम, आणि मला बघून म्हणाले, ‘‘पडाक नाय गो. बसलंय.’’

काकी आली, तिचा मुलगा आला, त्यांना उचलून गाडीत घातलं आणि कुडाळला नेलं. रस्ताभर माझ्या डोक्यात एकच. गाडी पाठ करून उभी असती तर मी भुर्रकन निघून गेले असते. लाल दिवे दाखवत. आरशात बघायला तर मला कधी जमलंच नाही. बाबा तिथे खळ्यात पडून राहिले असते आणि मी वाटेत कुडाळच्या बाजारात थांबून भाजी घेतली असती.

डॉक्टरांनी सलाईन लावलं, गोळ्या दिल्या आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, यांना आता एकटं ठेवू नका. मी आत येऊन बाबांच्या खाटेशी बसले. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, ‘‘तुझ्या दर्याक सांग, जरा हळू बोल म्हणान.’’

म्हणजे येणार होते. मी फक्त मान हलवली.

नवरा आणि मी त्यांना घ्यायला गेलो ती सकाळ. नवऱ्याने गाडी सरळ आत आणून लावली, आता त्याला दुसरं सुचतच नव्हतं. गाय काकीकडे बांधली होती. पिशव्या गाडीत गेल्या. एक तांदळाची, एक कोकमांची, एक बाबांच्या कपड्यांची. कपड्यांची सगळ्यांत हलकी. बाबांनी पुढलं दार लावलं, कडी घातली, कडी काढली, आत जाऊन मागलं दार बघून आले, पुन्हा कडी घातली, आणि किल्ली काकीच्या हातात दिली. काकी डोळे पुसत होती. बाबा कोरडे. मी ठरवलं होतं की रडायचं नाही, म्हणून उगाचच पिशव्या इकडच्या तिकडे करत होते.

‘‘चला, मामांनू,’’ नवऱ्याने मागचा दरवाजा उघडून धरला.

बाबा हलले नाहीत. गाडीकडे बघत राहिले. तिचं नाक घराकडे होतं. जाताना मागे मागे जाणार, आणि घर वळणापर्यंत समोर दिसत राहणार. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

‘‘जावयबापू,’’ बाबा म्हणाले. ‘‘गाडी फिरवन हाडा.’’

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. ‘‘फिरवन?’’

‘‘तोंड भायर करून हाडा. माका बघीत बघीत जावक जमाचां नाय.’’

नवरा गाडीत बसला, अख्खी पाणंद मागे गेला, रस्त्यावर फिरवली आणि उलटी उलटी परत आत घेऊन आला. तोवर बाबा आणि मी खळ्यात उभे होतो. त्यांनी माझा दंड धरला होता. गाडी येताना दिसली, पाठमोरी, हळूहळू मोठी होत. त्यांचा हात थंड होता, तेवढं आठवतं.

मागच्या सीटवर बाबा बसले, शेजारी मी. गाडी निघाली. बाबा पुढे बघत बसले, ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी मागे वळून काचेतून बघत होते. माटव, विहीर, गवताची उडवी, काकी.

‘‘दिसता काय गो?’’ बाबांनी विचारलं. मान वळवली नाही.

‘‘दिसता.’’

काजीचं वळण आलं. झाडाच्या मागे कौलांचा कोपरा उरला, मग तोही गेला.

‘‘अजून?’’

‘‘दिसता, बाबा.’’

पाणंद संपली. गाडी डांबरी रस्त्याला लागली, दोन्ही बाजूंना दुसऱ्यांची घरं, दुसऱ्यांचे गडगे. माझी मान दुखायला लागली होती पण मी पुढे वळले नाही. बाजाराची पहिली दुकानं दिसायला लागली तेव्हा बाबांनी पुन्हा विचारलं. मी नुसती मागच्या काचेला चिकटून राहिले.

गाडी चालवता चालवता नवऱ्याने वरच्या आरशात बघितलं.

‘‘हां मामांनू,’’ तो म्हणाला. ‘‘माका पण दिसता हंयसून.’’